रोमच्या दाराशी : अँग्लिकन बंधू आणि अफवांची दीड शतके

अफवेला आगगाडीचे तिकीट लागत नाही. रोममध्ये एखाद्या कागदावर सही होते आणि आठवडाभरात त्याचा काहीतरी भलताच अर्थ सांगलीच्या बाजारात येऊन पोहोचतो. २००९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात असेच झाले. पोपमहोदयांनी अँग्लिकनांसाठी दार उघडले, अशा आशयाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून झळकल्या आणि तेव्हापासून सातारा-सांगलीकडे काम करणाऱ्या धर्मगुरूंना काही ठराविक प्रश्न अधूनमधून ऐकावे लागतात. 'फादर, सी.एन.आय.वाले सगळे आता आपल्यात येणार म्हणे?' 'त्यांचे पाळक बायकामुलांसह आपल्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करणार, हे खरे का?' पलीकडच्या आळीतही प्रश्न असतातच, फक्त त्यांचा सूर निराळा असतो : 'तुम्ही आमची मंडळी गिळायला निघाला आहात का?' एकाच घरातली सून या बाजूची आणि सासू त्या बाजूची असेल, तर हे प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत जातात. म्हणून या विषयाचा इतिहास जरा सावकाश उलगडून पाहणे इष्ट आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावी लागते. आपल्या दोन जिल्ह्यांत 'अँग्लिकन' म्हणावेत असे ख्रिस्ती फार थोडे होते. कॅथलिक नसलेला प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य म्हणजे 'इंग्रजांच्या चर्चचा', ही आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. ती चुकीची आहे. साताऱ्यात सुवार्तेचे काम केले ते प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनने. या मिशनचे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे. त्यांना बिशप नकोत, छापील उपासनाविधी नको, प्रत्येक स्थानिक मंडळी आपापल्या जागी स्वतंत्र. सांगली, मिरज आणि कोल्हापूर हे क्षेत्र अमेरिकन प्रेसबिटेरियनांचे. ज्यांच्या नावाने मिरजेचे रुग्णालय ओळखले जाते ते डॉ. विल्यम वानलेस याच मिशनचे. प्रेसबिटेरियनांचा कारभार वडीलवर्गाच्या सभेमार्फत चालतो. बिशप त्यांच्याकडेही नव्हते. म्हणजे इंग्लंडच्या राजाचा आणि या मंडळ्यांचा काडीचाही संबंध नव्हता. उलट यांचे पूर्वज इंग्लंडच्या त्या राजमान्य ख्रिस्तसभेशी भांडूनच वेगळे झालेले.

मग अँग्लिकन होते कुठे? जिथे गोरा साहेब उन्हाळ्यात राहायला येई तिथे. महाबळेश्वरला आपले होली क्रॉस चर्च १८३१ चे आणि त्यांचे क्राइस्ट चर्च त्यानंतर दहा-बारा वर्षांनी उभे राहिलेले. पाचगणीला त्यांचे सेंट पीटर्स आणि आपले सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट. थंड हवेच्या या दोन गावांत कॅथलिक आणि अँग्लिकन शेजारी-शेजारी राहिले, पण मराठी बोलणाऱ्या गावकऱ्याशी अँग्लिकनांचा संबंध आला तो बहुधा साहेबाचा बटलर किंवा आया म्हणूनच. मराठी मातीत अँग्लिकन मंडळी खरी रुजली ती अहमदनगर जिल्ह्यात, एस.पी.जी. हे संस्थेचे नाव तिकडे आजही घरोघरी ठाऊक आहे. आणि पुण्यात ती अशा स्वरूपात आली की कॅथलिक माणसानेही बुचकळ्यात पडावे. त्या पुण्याकडे वळण्यापूर्वी इंग्लंडमध्ये काय चालले होते ते थोडक्यात पाहू.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडला हे आपण शाळेत शिकतो. मात्र त्या तुटलेल्या फांदीवरही कॅथलिक परंपरेची काही पाने हिरवीच राहिली, हे आपल्याला सहसा शिकवले जात नाही. बिशप राहिले, प्रार्थनापुस्तक राहिले, संतांच्या नावांची देवळे राहिली. १८३३ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठातील काही विद्वान धर्मगुरूंनी या जुन्या पानांकडे बोट दाखवायला सुरुवात केली. आपली ख्रिस्तसभा ही राजाने निर्माण केलेली नसून प्रेषितांपासून चालत आलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यालाच ऑक्सफर्ड चळवळ म्हणतात. तिचे अध्वर्यू जॉन हेन्री न्यूमन यांनी ९ ऑक्टोबर १८४५ रोजी फादर डॉमिनिक बार्बेरी या पॅशनिस्ट धर्मगुरूंच्या हस्ते कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. आज ते संत आहेत. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांची संतमालिकेत नोंद केली. परंतु त्या वेळी त्यांच्या वाट्याला काय आले? इंग्लंडमध्ये अनेकांचा असा पक्का ग्रह झाला की हे गृहस्थ आधीपासूनच आतून रोमन होते आणि अँग्लिकन झगा त्यांनी फक्त पांघरला होता. पाठोपाठ १८५० मध्ये पोप नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये पुन्हा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन करताच 'पोपचे आक्रमण' म्हणून गदारोळ उठला आणि पार्लमेंटने दुसऱ्याच वर्षी कॅथलिक बिशपांच्या पदव्यांवर बंदी घालणारा कायदा केला. वीस वर्षांनी तो गुपचूप रद्दही झाला.

अफवेचे हे पहिले रूप. जो जातो तो आधीपासूनच फितूर होता, आणि जो राहतो तो उद्या जाणार आहे. हा तर्क एकदा मनात बसला की कोणाचाच प्रामाणिकपणा शिल्लक राहत नाही.

(त्याच सुमारास आपल्या घरात काय चालले होते याचीही आठवण ठेवावी. १८५३ मध्ये मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये बिशप हार्टमान यांना स्वतःला कोंडून घ्यावे लागले. बाहेर वेढा घालून बसलेले प्रॉटेस्टंट नव्हते. पोर्तुगीज पाद्रोआदोचे अभिमानी असे आपलेच कॅथलिक बांधव होते. ऐक्याच्या गोष्टी करताना आपण फार ताठ मानेने बोलू नये, ते याचसाठी.)

ऑक्सफर्ड चळवळीचे पाणी आपल्याकडे आले ते दोन संन्यस्त संघांमार्फत. फादर बेन्सन यांनी १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे योहानाच्या नावाने एक अँग्लिकन संघ स्थापन केला. त्या संघाचे 'काउली फादर्स' १८७० च्या दशकात मुंबईत आणि पुण्यात आले. त्यांच्यामागोमाग वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी पुण्यात आल्या. या मंडळींनी जिथे ठाण मांडले ती जागा म्हणजे पंचहौद, आणि १८८० च्या दशकात तिथे उभे राहिलेले भव्य पवित्र नाम देवालय. आत धूप, मेणबत्त्या, वेदीवर क्रूस, कबुलीजबाब. बाहेर काळे झगे घातलेले 'फादर' आणि डोक्यावर पदर-पट्टी बांधलेल्या 'सिस्टर'. पुण्याच्या पेठांतील माणसाने यांना कॅथलिक म्हटले तर त्याचा काय दोष? सेमिनरीत शिकणारे आमचे काही सोबतीसुद्धा पहिल्यांदा तिथे जाऊन आल्यावर 'हे आपलेच की काय' असे विचारीत. १८९० साली ज्या मिशनमधल्या चहामुळे लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला, ते हेच पंचहौद मिशन. हा चहा कॅथलिकांनी पाजला असे समजणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि कोण चहा प्याला, कोणी नुसता पेला समोर ठेवला, यावर पुण्यात पुढे कित्येक महिने खल चालला. अफवांचा इतिहास लिहिणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे. पण तो आपला आजचा विषय नव्हे.

काउलीकरांच्या छायेत दोन मोठी मराठी माणसे वावरली. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, हे काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, १८७० मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि १८७६ मध्ये काउली संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. 'षड्दर्शनदर्पण' लिहिणारा हा माणूस जन्मभर संयमाने, कष्टाने आणि संशयाने जगला. 'संशयाने' हा शब्द मी दोष म्हणून वापरीत नाही. प्रत्येक सिद्धान्त हातात घेऊन उजेडात धरून पाहण्याची त्यांची वृत्ती होती. दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या निर्णयात गोरेशास्त्र्यांच्या लेखनाचा वाटा होता. पण रमाबाईंचे मन वेगळ्याच दिशेने चालले होते. भगिनींनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. ज्या रोमसदृश रीतींकडे गोरेशास्त्री ओढले गेले, त्याच रीतींपासून रमाबाई दूर सरकल्या. एकाच पंचहौदाच्या वर्तुळात ही दोन टोके होती. म्हणून 'अँग्लिकनांना रोमची ओढ आहे' हे वाक्य जितके खरे तितकेच अपुरे.

आणि मग १८८८ साल उजाडले. मुंबईतील काउली संघाचे प्रमुख फादर ल्यूक रिव्हिंग्टन रोमला गेले आणि तिथे कॅथलिक झाले. साधासुधा माणूस नव्हता तो. प्रभावी वक्ता, मुंबईच्या इंग्रजी समाजात नावाजलेला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या प्रवेशाची कारणे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १८९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अँग्लिकन भूमिकेविरुद्ध लिहीत राहिले. त्यांच्या सद्सद्विवेकाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण मागे राहिलेल्यांचा विचार करा. प्रमुखच गेला, तेव्हा प्रत्येक काळ्या झग्याकडे लोक डोळे बारीक करून पाहणार हे उघड होते. तरीही काउली संघ मुंबई-पुण्यात विसाव्या शतकातही दीर्घकाळ काम करीत राहिला. गोरेशास्त्री १८९५ मध्ये मुंबईत वारले, ते अँग्लिकन म्हणूनच. एक गेला म्हणून सारे गेले नाहीत, आणि सारे गेले नाहीत म्हणून गेलेला खोटा ठरला नाही.

येथे १८९६ च्या एका दस्तऐवजाकडे वळणे भाग आहे, कारण गैरसमजांचा सर्वांत मोठा गुंता त्याच्याभोवती आहे. लॉर्ड हॅलिफॅक्स हे अँग्लिकन सद्गृहस्थ आणि फादर पोर्ताल हे फ्रेंच धर्मगुरू यांची १८९० मध्ये माडेरा बेटावर गाठ पडली. दोघांची मैत्री झाली. दोन ख्रिस्तसभांना एकमेकींजवळ आणायचे तर बोलणे कोठून सुरू करावे, याचा विचार करता त्यांनी अँग्लिकन गुरुदीक्षा वैध आहे की नाही हा प्रश्न निवडला. त्यांची अपेक्षा अशी की, निदान परस्परांशी बोलणे तरी सुरू होईल. पोप तेरावे लिओ यांनी चौकशी मंडळ नेमले. मंडळात मतभेद होते. शेवटी १३ सप्टेंबर १८९६ रोजी पोपमहोदयांनी 'आपोस्तोलिके कुरे' हे पत्र प्रसिद्ध करून निर्णय दिला : अँग्लिकन विधीनुसार दिलेली गुरुदीक्षा पूर्णतः शून्य आहे.

का? सहाव्या एडवर्डच्या काळात, १५५० च्या सुमारास, जो नवा दीक्षाविधी तयार झाला त्यातून बलिदान अर्पण करणाऱ्या याजकपणाचा उल्लेख जाणूनबुजून वगळला गेला. पुढे १६६२ मध्ये शब्दांत दुरुस्ती झाली. पण तोपर्यंत शंभरावर वर्षे लोटली होती आणि दीक्षेची साखळी तुटली होती. युक्तिवाद एवढाच. त्याची चर्चा विद्वान आजही करतात. कँटरबरी आणि यॉर्क येथील आर्चबिशपांनी १८९७ मध्ये त्याला लॅटिनमध्येच सविस्तर उत्तर दिले होते.

आता गैरसमज पाहा. 'रोमने त्यांना ख्रिस्तीच मानले नाही,' असे आपल्याकडे बोलले गेले आणि तिकडेही ऐकले गेले. हे साफ असत्य आहे. त्या पत्राचा विषय गुरुदीक्षा हा होता, स्नानसंस्कार नव्हे. पाण्याने आणि पवित्र त्रैक्याच्या नावाने झालेला स्नानसंस्कार कोणीही दिला तरी तो वैधच, हे कॅथलिक ख्रिस्तसभा आफ्रिकेतील संत सिप्रियानच्या काळातील वादापासून, म्हणजे तिसऱ्या शतकापासून मानीत आली आहे. तथापि गोंधळ वाढवण्यास आपल्याच काही रूढी कारण झाल्या हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी, पहिला स्नानसंस्कार नीट झाला असेल की नाही अशी शंका धरून, प्रवेश करणाऱ्याला 'जर तुझा स्नानसंस्कार झाला नसेल तर' अशा अटीवर पुन्हा पाणी घालण्याची पद्धत सर्रास होती. धर्मगुरूला त्या अटीचे मर्म ठाऊक असे. पाहणाऱ्या आजीबाईला फक्त पाणी दिसे. घरी जाऊन ती सांगे, 'पोराला त्यांनी पुन्हा बाटवला.' १९६७ च्या ऐक्यविषयक निर्देशांनी ही सरसकट पद्धत बंद केली. खरीखुरी शंका असेल तेथेच, आणि तेही खासगीत, असा आता नियम आहे. पण आजीबाईचे वाक्य दोन पिढ्या पुरून उरले.

१८९६ च्या निर्णयाने लॉर्ड हॅलिफॅक्स खचले; पण थांबले नाहीत. ऐंशी वर्षांचे झाल्यावर, १९२१ मध्ये, त्यांनी बेल्जियममधील मालीन येथे कार्डिनल मर्सिए यांच्या घरी पुन्हा संवाद सुरू केला. १९२५ मध्ये तेथे एक टिपण वाचले गेले, त्याचा गाभा असा : अँग्लिकन ख्रिस्तसभा रोमशी जोडली जावी, विरघळून जाऊ नये. किती साधा विचार! पण बातमी फुटताच इंग्लंडमध्ये 'आम्हाला विकले' अशी ओरड झाली आणि इंग्लंडमधील काही कॅथलिकांनीही नाके मुरडली. त्यांना शेजाऱ्याशी बोलण्यापेक्षा शेजाऱ्याने शरण येणे अधिक पसंत होते. १९२६ च्या जानेवारीत मर्सिए मृत्युशय्येवर असताना त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी हॅलिफॅक्स यांच्या हाती दिली. ती अंगठी पुढे एका चषकात जडवली गेली आणि यॉर्कच्या महामंदिरात ठेवली गेली. मला विचाराल तर या सगळ्या शतकात एवढा बोलका दुसरा प्रसंग नाही. चाळीस वर्षांनी, २४ मार्च १९६६ रोजी, पोप सहावे पॉल यांनीही रोममध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रॅमसे यांच्या बोटात स्वतःची अंगठी घातली.

दरम्यान काही गट सामूहिकरीत्या आतही आले होते. अमेरिकेतील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन आणि मदर लुराना व्हाइट यांचा फ्रान्सिस्कन वळणाचा छोटा संघ ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एकत्र कॅथलिक झाला. सगळे मिळून सतरा जण. वेल्सजवळच्या कॅल्डी बेटावरील अँग्लिकन बेनेडिक्टाइन मठातील बहुसंख्य मठवासी १९१३ मध्ये आले, काही मात्र अँग्लिकनच राहिले. आपण दर वर्षी १८ ते २५ जानेवारी जो ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह पाळतो, तो याच वॉटसन यांनी १९०८ मध्ये सुरू केला. त्या वेळी ते अँग्लिकन होते. आपल्या धर्मग्रामांत या सप्ताहाचा उगम सांगितला जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आपल्या साताऱ्याचा एक धागा येथे गुंफला पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. पंथांच्या भिंतींपलीकडे, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा सगळ्यांना येशूभोवती जमवण्याची ती कल्पना होती. टिळक काँग्रिगेशनल, अँग्लिकनही नव्हेत आणि रोमकडे निघालेलेही नव्हेत. पण चाकोरी सोडणाऱ्यावर कुजबुज ठरलेलीच, तशी ती त्यांच्याही वाट्याला आली. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. मात्र त्यांचे चरित्र लिहिणारे अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. तो पुढे पुण्यात स्थिरावला. खादीची वस्त्रे, जमिनीवर बसून उपासना, मराठी भजने आणि तीही साग्रसंगीत मिस्सासारख्या विधीसोबत! ऑक्सफर्डहून आलेला तरुण व्हेरिअर एल्विन याच आश्रमात प्रथम राहिला. कोणाला हा संघ फार हिंदू वाटला, तर कोणाला फार रोमन.

१९३० मध्ये केरळात मार इवानियोस यांच्या नेतृत्वाखाली मलंकार याकोबी परंपरेतील एक गट कॅथलिक ऐक्यात आला. हे अँग्लिकन नव्हते. पण आपल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध आहे. येणाऱ्यांची उपासना हिरावून घेतली जाईल ही भीती तेव्हाही होती. प्रत्यक्षात त्यांचा सुरियानी विधी शाबूत राहिला आणि वाढला. २०१५ मध्ये त्यांची एक्झार्केट आपल्या खडकीत स्थापन झाली. पुण्यातील कॅथलिकांना 'जोडले जाणे' आणि 'विरघळणे' यांतला फरक पाहायचा असेल तर मालीनपर्यंत जायला नको.

आता १९७०. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा ख्रिस्तमंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळी, म्हणजेच सी.एन.आय., जन्मास आली. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. अँग्लिकन त्यांत सामील झाले तसेच सातारा-सांगलीचे काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन वारसदारही, संयुक्त मंडळीच्या मार्गाने. ज्यांना दीडशे वर्षे बिशप नव्हते त्यांना आता बिशप मिळाले. साहजिकच काही वृद्धांच्या मनात आले की बिशप आला, आता पोप किती दूर? त्या ऐक्यात रोमचा काही भाग नव्हता. पण 'बिशप' हा शब्द सांगलीच्या प्रेसबिटेरियन कानाला किती परका वाटला असेल, याची आपण कॅथलिकांनी कल्पना करून पाहावी. आपल्याला हा शब्द आईच्या दुधासोबत मिळालेला असतो.

हे समजले की २००९ चा घोटाळा सुटू लागतो. ज्यांनी रोमकडे अर्ज केला होता ते सी.एन.आय. नव्हते. 'पारंपरिक अँग्लिकन समूह' या नावाने काही देशांतील छोटे अँग्लिकन गट एकत्र आले होते. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्यासारख्या बदलांमुळे त्यांनी मूळ अँग्लिकन संघटनेपासून फारकत घेतली होती. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांच्या बिशपांनी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे वेदीवर कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथावर सह्या केल्या आणि संपूर्ण ऐक्याची विनंती रोमला पाठवली. भारतातील 'अँग्लिकन चर्च ऑफ इंडिया' हा या समूहाचा घटक होता. सी.एन.आय.मध्ये न मिसळलेल्या अँग्लिकनांचा हा लहानसा गट. नावातील साम्यामुळे वाचकांनी दोहोंची गल्लत केली.

संख्येचेही तसेच. त्या समूहाचा स्वतःचा दावा सुमारे चार लाखांचा होता. वर्तमानपत्रांत तो 'पाच लाख अँग्लिकन कॅथलिक होणार' असा फुगला. २००९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील पर्थच्या एका कॅथलिक साप्ताहिकाने रोमचा निर्णय जवळजवळ झालाच असे छापले, आणि जगभर चर्चा उसळली. म्हणजे ही अफवा आपल्याच छापखान्यातून निघाली! शेवटी २० ऑक्टोबरला कार्डिनल लेवाडा यांनी घोषणा केली आणि ४ नोव्हेंबर २००९ या तारखेने पोप सोळावे बेनेडिक्ट यांचे 'अँग्लिकानोरुम चेतिबुस' हे संविधान निघाले. त्यानुसार 'ऑर्डिनरिएट' नावाची, धर्मप्रांतासारखी पण प्रदेशाऐवजी परंपरेवर आधारलेली रचना शक्य झाली. इंग्लंडसाठी ती जानेवारी २०११ मध्ये, अमेरिका आणि कॅनडासाठी जानेवारी २०१२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियासाठी जून २०१२ मध्ये प्रत्यक्षात आली. भारतासाठी अशी रचना झालेली नाही. इतकेच नव्हे तर ज्यांनी पोर्ट्समथला सह्या केल्या त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी पुढे माघार घेतली. २०१२ मध्ये जोहान्सबर्ग येथे त्यांच्या बिशपांनी अँग्लिकनच राहण्याचे ठरवले, आणि हंगामी प्रमुख म्हणून निवड केली ती भारताच्या आर्चबिशप सॅम्युएल प्रकाश यांची. भारतीय वर्तमानपत्रे ज्यांना रोमच्या वाटेवर धाडून मोकळी झाली होती, त्यांचाच एक नेता न जाणाऱ्यांचा प्रमुख झाला!

कार्डिनल लेवाडांच्या निवेदनात भारताचा एक उल्लेख होता, तो मात्र बऱ्याच तर्ककुतर्कांना कारण झाला. पूर्वी सामूहिकरीत्या आलेल्यांचे उदाहरण म्हणून त्यांनी अमृतसरच्या अँग्लिकन धर्मप्रांताचे नाव घेतले. यावरून 'अख्खा धर्मप्रांत आला, मग सांगलीला का नाही येणार' असे अनुमान निघाले. परंतु अमृतसर येथे सी.एन.आय.चा धर्मप्रांत आजही आहे, त्याचे बिशप आहेत, त्याच्या शाळा आहेत. एका ओळीच्या उल्लेखावर एवढी इमारत उभारणे योग्य नव्हे.

राहिला विवाहित धर्मगुरूंचा प्रश्न, जो आपल्या लोकांना सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. नियम सरळ आहेत. पूर्वी अँग्लिकन धर्मगुरू असलेल्या विवाहित पुरुषाला, प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करून, रोमच्या परवानगीने कॅथलिक गुरुदीक्षा मिळू शकते. तो बिशप होऊ शकत नाही. अविवाहित आला तर ब्रह्मचर्य पाळावे लागते. कॅथलिक धर्मगुरू असताना सोडून गेलेला आणि अँग्लिकन होऊन लग्न केलेला मनुष्य या वाटेने परत वेदीवर येऊ शकत नाही. त्या समूहाचे तेव्हाचे प्रमुख जॉन हेपवर्थ स्वतःच पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू असल्याने ही अट त्यांनाही लागू पडली. तेव्हा 'लग्न करायचे असेल तर आधी अँग्लिकन व्हा', असा जो विनोद काही तरुण करतात, त्यात विनोदाइतकाही अर्थ नाही.

मालमत्तेची कुजबुज सर्वांत विषारी. आपल्याकडे मिशनच्या जमिनी म्हटले की न्यायालये आठवतात. म्हणून कोणी या बाजूला आला की 'जमिनीसाठी आला' किंवा 'पैशाने आणला' असे बोलले जाते. इंग्लंडमध्ये नेमके उलटे घडले. २०११ मध्ये जे गट आले त्यांना आपली चर्चे, घंटा, स्मशानभूमी सगळे मागे ठेवावे लागले. धर्मगुरूंनी राहती घरे आणि निश्चित वेतन सोडले आणि शेजारच्या कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्यांच्या वेळापत्रकातून उरलेल्या वेळी मिस्सा अर्पण केला. कीथ न्यूटन, जॉन ब्रॉडहर्स्ट आणि अँड्र्यू बर्नहॅम हे तिघे अँग्लिकन बिशप होते. १५ जानेवारी २०११ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये त्यांनी साधे धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतली. बिशपाची टोपी उतरवून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहणे सोपे नसते. अशा माणसाला 'विकला गेला' म्हणणाऱ्याने निदान किंमत तरी सांगावी.

आपल्या धर्मग्रामांत हा विषय बहुतेक वेळा लग्नाच्या निमित्ताने निघतो. सी.एन.आय.च्या मुलाशी कॅथलिक मुलीचा विवाह ठरला की दोन्हीकडे चर्चा सुरू होते : त्याला कॅथलिक करून घेणार, की हिला तिकडे नेणार? नियमाप्रमाणे मिश्र विवाहास महागुरूंची परवानगी लागते. कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांचा स्नानसंस्कार कॅथलिक ख्रिस्तसभेत व्हावा म्हणून शक्य तेवढे करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या जोडीदाराला त्याची फक्त माहिती दिली जाते. त्याने धर्मपंथ बदलावा अशी अट नाही. तरी लग्नाच्या मांडवात 'मुलगा आपल्यात आला' असे कोणीतरी बोलतेच, आणि ते ऐकून मुलाचा बाप, जो तीस वर्षे आपल्या मंडळीचा वडील म्हणून सेवा करीत आला, तो जेवण न करता उठून जातो. अशा वेळी चूक नेहमी आपल्याच बाजूच्या एखाद्या अतिउत्साही नातेवाइकाची असते, असा माझा अनुभव आहे.

आणि एखादा खरोखरच स्वतःच्या विवेकाने येऊ इच्छित असेल तर? त्यासाठी ना २००९ चे संविधान लागते, ना ऑर्डिनरिएट. काही महिने शिक्षण होते, मग मिस्सामध्ये तो श्रद्धा प्रकट करतो, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर स्वीकारतो. स्नानसंस्कार पुन्हा होत नाही. धर्मग्रामाच्या वहीत त्याची नोंद 'स्वीकार' म्हणून केली जाते, आणि स्नानसंस्काराच्या रकान्यात त्याच्या मूळ मंडळीच्या दाखल्यावरील तारीख व त्या मंडळीचे नाव जसेच्या तसे उतरवून घेतले जाते.